अर्जदार क्रमांक एक

राजानंद रामटेके हा माणूस कामात इतका चोख होता की रेगेन्सबर्गच्या कारखान्यात त्याची सही नसलेला दरवाजा गाडीला लागत नसे. आणि एकट्याची सहीसुद्धा चालायची नाही बरं का! एकानं तपासलं, की दुसऱ्यानं पुन्हा तपासायचं, मगच माल पुढे. नव्या पोरांना तो हे दहादा बजावायचा, "पहिली सही म्हणजे अर्धं काम." हे वाक्य त्याच्याच गळ्यात येणार आहे, हे बिचाऱ्याला काय ठाऊक!

अकरा वर्षं झाली होती जर्मनीत येऊन. डोनाऊ नदीच्या पलीकडे दोन खोल्यांचं घर, खिडकीत बाबासाहेबांचा छोटा फोटो, एक ताट, एक वाटी. दुसरं ताट होतं, पण ते कपाटात. रविवारी तो भात लावायचा तो एकदम दोन दिवसांचा. बोलायला कोणी नाही म्हणून रेडिओ सुरू, आणि रेडिओवरचं जर्मन संपलं की स्वतःशीच "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत भांडी घासायची. फॉर्म भरायची वेळ आली की 'गेशीडन', म्हणजे घटस्फोटित, या चौकोनात तो बिनदिक्कत फुली मारायचा. कुणी कधी पुरावा मागितला नाही.

मग २००७च्या एप्रिलमध्ये स्टुटगार्टला भाड्याच्या हॉलमध्ये जयंतीचा कार्यक्रम झाला आणि तिथं त्याला विभावरी भेटली. संशोधन संस्थेत कामाला, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, हसली की डोळे बारीक व्हायचे. पोह्यांच्या रांगेत ओळख झाली, दर रविवारी फोन सुरू झाले, आणि जूनपर्यंत दोघांचं ठरलंसुद्धा. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण कपाटातलं दुसरं ताट त्यानं बाहेर काढून घासून ठेवलं. हसू नका. एकटं राहिलेल्यांनाच कळतं ते.

लग्न नोंदवायच्या कचेरीत, म्हणजे श्टांडेसआम्टमध्ये, फ्राऊ झिर्नगिबल नावाच्या बाई होत्या. चष्मा साखळीला बांधलेला, बोलणं मोजकं. त्यांनी कागद एकेक करून पाहिले आणि विचारलं, "आल्झो, हेर रामटेके, पहिल्या लग्नाचा कोर्टाचा निकाल कुठे आहे?"

"भारतात आहे. मागवतो," राजानंद म्हणाला. फ्राऊ झिर्नगिबलनी त्याच्या नावाची निळी फाईल उघडून ठेवली.

आता त्या पहिल्या लग्नाचं सांगायला हवं. नागपूरची रोहिणी, शाळेत मास्तरीण. दोन वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, आदळआपट नाही. तिला नागपूर सोडायचं नव्हतं आणि याला नागपुरात राहायचं नव्हतं, एवढंच. मार्च १९९६मध्ये दोघांनी कौटुंबिक न्यायालयात संमतीचा अर्ज टाकला. राजानंदनं सही ठोकली, वकील म्हणाले, "झालं तुमचं काम," आणि पंधरा दिवसांत साहेब विमानात बसले. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा हजर राहून न्यायाधीशांसमोर 'हो' म्हणायचं असतं, त्याशिवाय घटस्फोट होतच नाही, हे वकिलांनी सांगितलं होतं की नाही? त्याला आठवत नव्हतं. मी म्हणते, सांगितलंच असणार. ऐकायचं कुणी?

त्यानं धाकट्या भावाला, उज्ज्वलला, फोन केला. उज्ज्वल नागपुरात शिक्षक. खटल्याचा नंबर कुणाकडेच नव्हता, वकील तर केव्हाच वारले होते. नुसतं वर्ष आणि दोन नावं घेऊन तो बिचारा रेकॉर्ड रूमला खेटे घालू लागला. तिथले कारकून म्हणायचे, नंबर आणा. नंबर हवा तर रजिस्टर बघा. रजिस्टर बघायला अर्ज द्या. अर्जावर काय लिहायचं, तर नंबर! शेवटी एका निवृत्तीला आलेल्या कारकुनानं धूळ झटकत ९६चं रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत फिरवत नाव हुडकलं. ऑगस्टात नकला हातात आल्या. रविवारी सकाळी उज्ज्वलचा फोन आला.

"दादा, निकाल नाहीये."

"हरवला?"

"हरवला नाही. झालाच नाही. अर्ज निकाली काढलाय. तू दुसऱ्या तारखेला गेलाच नाहीस." मग जरा थांबून तो म्हणाला, "कायद्यानं वहिनी अजून तुझी बायकोच आहे, दादा."

राजानंदच्या पायाखालची जमीन सरकली. "रोजनाम्यात काय लिहिलंय, वाच," तो कसाबसा म्हणाला. रोजनामा म्हणजे कोर्टात त्या त्या दिवशी काय झालं त्याची नोंद.

उज्ज्वलनं वाचलं. "तेवीस सप्टेंबर शहाण्णव. अर्जदार क्रमांक दोन हजर. अर्जदार क्रमांक एक गैरहजर. अठरा नोव्हेंबर. अर्जदार क्रमांक दोन हजर. क्रमांक एक गैरहजर. वीस जानेवारी सत्त्याण्णव. अर्जदार क्रमांक दोन हजर, सायंकाळपर्यंत थांबल्या. क्रमांक एक गैरहजर. अर्ज निकाली."

फोन ठेवल्यावर राजानंदनं पलंगाखालची पेटी ओढली. तिच्यात तळाशी एक पाकीट होतं, रोहिणीच्या अक्षरातलं, नोव्हेंबर शहाण्णवचं. त्यानं ते कधी उघडलंच नव्हतं. अक्षर पाहूनच वाटलं होतं, शिव्याशाप असणार, आता कशाला जिवाला घोर. त्यानं ते आता फोडलं. आत चार ओळी होत्या. वीस जानेवारीची तारीख पडली आहे, शेवटची आहे, कृपया यावे, माझे अडते आहे. खाली सही. लाज वाटली हो त्याला, इतकी की खिडकीतल्या फोटोकडे मान वर करून बघवेना.

त्यानं विभावरीला सगळं सांगितलं, पत्रासकट. तेवढा प्रामाणिकपणा त्याच्यात होता.

"रोहिणींनी पुढे लग्न केलं?" तिनं विचारलं.

"उज्ज्वल म्हणतो, एक स्थळ आलं होतं वर्ध्याचं. सगळं पसंत होतं. मुलाकडच्यांनी कोर्टाचा कागद मागितला."

विभावरी शांतपणे म्हणाली, "राजानंद, रागावू नका. चूक कुणाच्याही हातून होते. पण पत्र दहा वर्षं न उघडता ठेवणारा माणूस... मी रोज विचार करीन, हा मलाही अशीच कुठल्या बाकावर वाट बघत बसवून विसरेल. मला नाही जमायचं." पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

झालं! ज्याच्यासाठी कागद हवा होता तेच राहिलं नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथंच हात झटकले असते. राजानंदलाही मोह झाला, खोटं कशाला बोला. चार दिवस तो फोनच्या आसपास घुटमळला. पाचव्या दिवशी त्यानं नागपूरचा नंबर फिरवला.

"रोहिणी, मी राजानंद."

"बोला." जसं काही कालच बोलणं झालं होतं, असा आवाज.

त्यानं सांगितलं. नकलेत काय आहे ते सांगितलं, तारखा सांगितल्या.

"माझं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं होतं. उघडलं नव्हतं." खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, ती त्यानं घेतली नाही. "नवा अर्ज टाकू. तुझं नाव पहिलं लाव. मी येतो."

"दोनदा यावं लागतं," रोहिणी म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही एकदाच आला होतात."

डिसेंबरात तो आला. अर्जावर सही केली, परत गेला. जूनमध्ये पुन्हा आला, उरलेली सगळी रजा टाकून. तारखेच्या दिवशी कोर्टाचं दार उघडायच्या आधीच तो पायरीवर हजर. आत गेल्यावर तिथल्या लाकडी बाकावर बसला. पंखा होता पण फिरत नव्हता. शेजारी एक बाई कडेवरचं बाळ झुलवत होती. माणसं आत जायची, रडून बाहेर यायची. अकरा वाजले, बारा वाजले, रोहिणी आली नाही. ती येईलच कशाला, असं त्याच्या मनात आलं. तीन वेळा ती इथंच, याच बाकावर, अशीच दाराकडे बघत बसली असेल. तेव्हा त्याला पहिल्यांदा नीट कळलं की आपण काय केलं.

साडेबाराला ती आली. केस पांढरे झाले होते, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. "शाळेत फेरपरीक्षा होती," एवढंच म्हणाली आणि बाकावर एक जागा सोडून बसली. ती जागा शेवटपर्यंत मोकळीच राहिली.

पुकारा झाला. "अर्जदार क्रमांक एक?"

"हजर," रोहिणी म्हणाली.

"अर्जदार क्रमांक दोन?"

"हजर आहे, साहेब," राजानंद गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाला. कारकुनानं मान वर करून पाहिलं आणि लिहून घेतलं.

आठवड्यानं नकला मिळाल्या. त्यानं पहिली तिच्या हातात दिली. तिनं उभ्याउभ्याच पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचली, शाळेचा पेपर तपासावा तशी, आणि वह्यांच्या पिशवीत ठेवली. "आता त्रेचाळीस पूर्ण झाली मला," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, हेच त्याला झेपेना. मग रिक्षा आली आणि ती गेली.

जुलैत तो फ्राऊ झिर्नगिबलच्या टेबलासमोर बसला होता. निळी फाईल त्यांनी वर्षभर बंद केली नव्हती. भाषांतर, शिक्के, सह्या, त्यांनी सगळं दोनदा तपासलं आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघून हसल्या.

"आल्झो, हेर रामटेके, सगळं पूर्ण! लग्नासाठी कुठली तारीख देऊ?"

"तारीख नको," राजानंद म्हणाला. "फक्त घटस्फोटाची नोंद करून घ्या, की झालं."

त्यांना काही उलगडेना, पण त्यांनी नोंद केली. मग खाली सही कुठं करायची ते दाखवलं. राजानंदनं सही केली, आणि पेन खाली ठेवायच्या आधी कागद उलटून पाहिला, दुसरी कुठे करायची राहिली तर नाही ना.