जीपमधून काढलेले दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर तिलाही नाही. आणि जिला सांगायला हवं होतं ती माझी धाकटी बहीण कुंदा — तिच्या हातचा चहा मी रोज सकाळी पितो, आणि रोज काही न सांगता उठतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मराठीत लिहितोय, यातही माझा एक डाव आहे. आमचं बालाघाट मध्य प्रदेशात, शाळा हिंदीच्या. घरात मराठी बोलतात, पण मराठी छापलेलं कुणी फारसं हातात घेत नाही. म्हणजे कबूल करायला बसलो तरी आडोसा आधी शोधला. बघा, माणूस असा आहे मी.

पोटापाण्यासाठी मी कोर्टासमोर टायपिंग करतो. दिवसभर दुसऱ्यांची शपथपत्रं. मी जे सांगतो ते खरं आहे, यात काहीही लपवलेलं नाही — ही ओळ माझी बोटं न बघता टाइप करतात. बाकी माझ्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. मिरवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी जीप.

जुनी, लिलावात घेतलेली, आखूड बांध्याची. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर इतकं कमी की उभ्या जागी वळायची. शेताच्या बांधावरून न घासता पलीकडे जायची, बैहरकडच्या जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर तर दुसऱ्या गाड्या तिच्यापुढे म्हशीसारख्या वाटायच्या. तेवढ्यावर माझं समाधान झालं असतं तर — पण नाही झालं. मी तिच्या कमानींखाली, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांखाली, पट्ट्या घालून तिला उंच केलं. रुंद, मोठे टायर बसवले. चौकात लोक वळून बघायचे. टायपिंगवाला जीपमधून उतरतोय, हे त्यांनी बघावं असं मला वाटायचं. त्या वयात मला दुसरं काय हवं होतं?

मग एकदा मी एकटाच गोंदियाहून येत होतो. रस्ता नवा, रुंद, मोकळा. समोरच्या खड्ड्याला चुकवायला मी स्टिअरिंग जरासं फिरवलं आणि परत सरळ केलं, आणि तेवढ्यात मागची बाजू माझ्या पुढे यायला निघाली. खरंच. गाडी रस्त्यावर आडवी झाली, एका बाजूची चाकं हलकी झाल्यासारखी वाटली, आणि मग कशी कोण जाणे ती सावरली. मी कडेला थांबलो.

त्या दिवशी मला सगळं कळलं. कुणी शिकवायची गरज नव्हती. जंगलात जो तिचा गुण, तोच हायवेवर तिचा दोष. आखूड गाडीला स्टिअरिंगचा छोटा झटकाही मोठा होतो, मागचा भाग रिकामा असला की कमानी त्याला उड्या मारायला लावतात, आणि उंची तर मी स्वतःच्या हौसेने वाढवलेली. पट्ट्या काढून तिला पुन्हा ठेंगणी करायला हवी होती. एका दिवसाचं काम. पण मग चौकात कोण बघणार होतं?

त्याऐवजी मी दगड आणले. माझे वडील तिरोडीच्या मॅंगनीजच्या खाणीत होते, आणि घरामागे त्यांनी कधीकाळी आणून टाकलेले काळे दगड पडले होते. दिसायला लहान, पण उचलायला गेलं की कंबर बोलते. ते मी पोत्यांत भरून समोरच्या सीटांच्या मागे, खाली तळाला, मागच्या चाकांच्या थोडे अलीकडे ठेवले. गाडी बसली. आखूड ती आखूडच राहिली, पण मागून उडायची थांबली, आणि मीही हायवेला हळू चालवू लागलो. घरी विचारलं तर सांगितलं — बाबांची आठवण आहे, सोबत असू दे. आईचे डोळे भरून आले. मी बापाचं नाव घेऊन खोटं बोललो आणि वर चांगला मुलगा ठरलो.

आता प्रल्हादरावांबद्दल सांगतो. कुंदाचा नवरा, आमचे जावई. हट्ट्याजवळच्या गावचे. साधा माणूस, हळू बोलणारा, मोटरसायकलवरून उतरला की आधी आईच्या पाया पडणारा. माझ्या जीपचं त्यांना फार कौतुक. ते आले की मी मुद्दाम जीपच्या गोष्टी काढायचो. कुठून चढवली, कुठून उतरवली. रस्त्याला कशी चिकटून चालते तेही सांगायचो, न अडखळता. आणि ते मन लावून ऐकायचे. माझं कुणी असं ऐकलेलं नव्हतं.

त्या वर्षी कुंदाच्या सासूचं डोळ्याचं ऑपरेशन गोंदियाला झालं. कुंदा सोबत होती. सासूला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी प्रल्हादराव सकाळीच आमच्याकडे आले. म्हाताऱ्या आईला मोटरसायकलवर कसं आणायचं, म्हणून जीप मागायला. आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. जावयाने एखाद्या वस्तूवर हात ठेवला तर ती पुसून, चमकवून द्यायची, ही रीत. मी जीप धुवायला घेतली. कोर्टात काम होतं, नाहीतर मीच गेलो असतो — नाही, हे खोडतो. काम रोजचंच होतं. मी जाऊ शकत होतो.

आई दारात उभी होती. तिने पोती बघितली.

"जवायाले खाणीच्या दगडाईत बसवतं का रे? काढ ते. त्याच्या मायले पाय ठेवाले जागा नोको का?"

माझा हात नळाच्या पाईपवर होता. एवढंच म्हणायचं होतं — ते दगड आठवणीसाठी नाहीत, गाडीसाठी आहेत. एवढंच. पण ते म्हटलं असतं तर बाबांची आठवण खोटी ठरली असती, जीपची सगळी फुशारकी खोटी ठरली असती, तीही जावयासमोर. मी पोती उचलली. एकेक करून नळापाशी नेऊन ठेवली. प्रल्हादराव मदतीला धावले, तर मी त्यांना हात लावू दिला नाही. जावयाने दगड उचलायचे नसतात.

इथेही थांबता आलं असतं. देवाने, नशिबाने, कुणी म्हणा, मला अजून एक संधी दिली. ते आधी मोहल्ल्यातून एक चक्कर मारून आले. दारात गाडी थांबवली, खाली उतरले, आणि मागच्या चाकाकडे बघत म्हणाले —

"भाऊ, मांगून थोडी नाचते का गाडी? मले असं वाटलं."

त्यांना कळलं होतं. एका चकरेत, मोहल्ल्याच्या वेगात, त्या माणसाला कळलं होतं. आणि त्यांनी मला विचारलं, सरळ, विश्वासाने. मी काय म्हणालो?

मी हसलो. म्हणालो, "हात नवा आहे तुमचा. सवय नाही ना."

"हौ, असंच असन," ते म्हणाले. थोडे ओशाळले. मग आईच्या पाया पडले आणि गेले.

ते ओशाळणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चूक गाडीची होती, माझी होती, आणि लाजून ते गेले.

नदीच्या पुलाच्या अलीकडे जीप उलटली. मी पोहोचलो तेव्हा त्यांना नेलेलं होतं. नुसती गाडी पडली होती, चाकं वर, माझे ते रुंद, देखणे टायर आभाळाकडे. तिथे एक म्हशीवाला बसून होता. त्याचीच म्हैस रस्त्यावर आली होती. बिचारा रडत होता. मी न विचारताच त्याने सांगितलं —

"जोरात नव्हती जी गाडी. म्हशीले वाचवाले त्यायनं जराशीच वळवली. मांगूनच फिरली, अन् गेली."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याला म्हणालो, तू घरी जा. तो सांत्वन समजला असेल. मला तो तिथून जायला हवा होता. दुसरं कुणी येऊन त्याचं ऐकायच्या आत.

प्रल्हादराव गेले. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच. कुंदा तिकडे गोंदियाला डोळ्यांच्या दवाखान्याच्या फाटकाशी सासूला घेऊन बसून होती, आणि वाट बघत होती. तिला आणायला मीच गेलो. ती मला बघून उठली आणि माझ्यामागे बघू लागली, ते कुठे आहेत म्हणून. मी हे लिहू शकत नाही नीट.

तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. अजून यायची आहे. इथपर्यंत मी भित्रा होतो, फुशारकीखोर होतो. याच्या पुढचं वाईट आहे.

त्यांच्या गावी, घराच्या अंगणात माणसं बसली होती. जो तो विचारत होता, असं कसं झालं, इतका सावध माणूस. मग कुणीतरी म्हणालं, भाऊ, जीप तर तुमची, तुम्ही काय म्हणता? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या म्हशीवाल्याचा आवाज माझ्या कानात होता. आणि मी म्हणालो — गाडी जोरात होती म्हणतात.

म्हणतात. कोण म्हणत होतं? कुणीच नाही. मी एकटा म्हणालो, आणि ते सगळ्यांचं झालं. माना हलल्या. रस्ता रुंद झाल्यापासून लोक असेच चालवतात, असं कुणीतरी बोललं. माझ्या जीपबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही.

पण आत, दाराच्या आड कुंदा बसली होती. तिने ते ऐकलं. बायकांचं रडणं थांबलं होतं आणि तिचा आवाज अगदी स्पष्ट आला.

"मीच फोन केला ना त्यायले. आई ऊनात बसली, लवकर या म्हणलं. मीच घाई केली."

मी बाहेर खाटेवर बसलो होतो. मध्ये फक्त उंबरठा होता. उठून आत जायचं आणि म्हणायचं — नाही गं बाई, जोरात नव्हती गाडी. तुझा त्यात काही दोष नाही. माझं काय व्हायचं ते होऊ दे. — हे एवढंच. मी चपला घातल्या आणि माणसांसाठी पाणी आणायला गेलो.

माझी बहीण त्या एका फोनखाली तिचं आयुष्य काढते आहे. सासू गेल्यावर मीच तिला आणि तिच्या पोरीला, पल्लवीला, आमच्याकडे आणलं. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. कुंदा कुणालाही लवकर ये म्हणत नाही. स्वयंपाक थंड होऊ दे, पाऊस येऊ दे, पोरीला यायला उशीर होऊ दे — ती दारात उभी राहील, पण फोन करणार नाही. एकदा पल्लवीला ताप होता आणि डॉक्टर येईनात, तरी हिने फोन हातात घेतला नाही. मला म्हणाली, तू कर दादा, माझ्या हातून नोको. मी केला. मग मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. तेही केलं नाही.

जीप मी भंगारात घातली. आता एक लहान कार आहे. यंदा पल्लवी कॉलेजला जायला लागली आणि तिला गाडी शिकायची आहे. कुंदाने तिला माझ्यासमोर आणून उभं केलं.

"तूच शिकव तिले दादा. तुयासारखी सावकाश चालवाले शिकली पायजे. बापासारखी नोको."

मी हौ म्हणालो. पॉलिटेक्निकच्या मैदानावर आम्ही जातो. पोरगी हुशार आहे, हात बापासारखा हलका. मागच्या आठवड्यात ती गाडी चालवता चालवता, समोर बघतच म्हणाली —

"मामा, पापा सच में इतना तेज़ चलाते थे क्या? मुझे तो याद है, साइकिल भी धीरे चलाते थे।"

तिला आठवतं. इतकी लहान होती, तरी आठवतं. गाडीत आम्ही दोघंच होतो, काचा बंद. मी म्हणालो, गिअर बदल.

ते दगड नळापाशीच पडून राहिले होते. कुंदा इथे राहायला आली तेव्हा तिनेच ते उचलून अंगणात मोगऱ्याच्या वाफ्याभोवती मांडले. बाबांची आठवण आहे, असे काय टाकून ठेवता, म्हणाली. दरवर्षी दिवाळीच्या आधी ती त्यांना चुना लावते. पाऊस झाला की चुना उतरतो, खालचं काळं दिसतं, मग पुढच्या दिवाळीला ती परत लावते. परवा लावत होती. मी ओट्यावर बसलो होतो. एक दगड वाफ्यातून निसटून बाजूला पडला होता, तो तिला हलेना. तिने चुन्याचा हात पदराला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, हा तेवढा उचलून दे ना. लयच जड आहे रे."

मी उठलो आणि तो उचलून तिच्यासमोर ठेवला. ती चुना लावू लागली.