तुवैकच्या कड्यावरची वाट

अख्तरी मूळची श्रीवर्धनची. नर्सिंग शिकली, लग्न झालं, आणि नवऱ्यामागोमाग रियाधला येऊन एका मोठ्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात कामाला लागली. नवरा अली त्याच हॉस्पिटलात जनरेटर सांभाळायचा. तिची अरबी सगळी वॉर्डातली. कुठे दुखतं, कळ सोस, पाणी पी, झालंच आता. एवढ्या शब्दांवर तिने कितीतरी अनोळखी बायकांच्या खाटांशी तासन् तास काढले होते.

पण शहर म्हणून रियाध तिला कळलंच नव्हतं. घर, हॉस्पिटलची बस, वॉर्ड, परत बस. चालायचं म्हणजे पार्किंगपासून दारापर्यंत. "इथे राहून माझे पाय चालायचं विसरायला लागलेत," असं ती अलीला म्हणायची.

सदानंदने तिला पहिल्यांदा कड्यावर नेलं. सदानंद पुण्याचा, रियाधच्या एका बँकेत अधिकारी. डोंगरांत भटकण्याचं वेड त्याने इथेही सोडलं नव्हतं. शुक्रवारी फटफटायच्या आत चार-पाच मराठी कुटुंबं गाड्या काढत, शहराच्या पश्चिमेला तुवैकच्या कड्यापाशी जात आणि जुमाच्या नमाजाआधी खालच्या गावात उतरत. अलीसारखे तिथल्या मशिदीत जात, बाकीचे खजुरीच्या सावलीला डबे उघडत.

त्या पहिल्या शुक्रवारी कड्याच्या काठाशी आल्यावर अख्तरीने अलीचा दंड घट्ट धरला. सपाट वाळवंट चालता चालता एकदम संपलं होतं. पुढे जमीनच नव्हती. खाली, फार खाली, पिवळसर मैदान पसरत पसरत धुरकट होऊन आभाळात मिसळलं होतं. आणि त्या सरळसोट कड्याच्या अंगावरून, दगडावर दगड बसवून बांधलेली एक वाट वळणं घेत खाली गेली होती. बाहेरच्या बाजूला गुडघाभर उंचीची दगडी कड, आतल्या बाजूला कातळ, आणि मालाने लादलेला उंट सहज जाईल एवढी रुंदी.

"कोणी बांधली ही?" तिने विचारलं.

"कोणालाच ठाऊक नाही," सदानंद म्हणाला. "गावातले म्हणतात, त्यांच्या पणज्यांच्याही आधीची. मोटारी येईपर्यंत सगळा व्यापार हिच्यावरून चालायचा."

मधल्या एका वळणावर ती दम खायला टेकली आणि हाताखालच्या कातळाकडे बघून चमकलीच. दगडात शिंपले होते. रेघ न् रेघ शाबूत. समुद्रकाठी वाढलेल्या बाईला शिंपला ओळखू येणार नाही होय? "अहो, इथे समुद्र होता!" ती ओरडली. अली हसायला लागला, पण तिच्या अंगावर काटा आला होता. एवढं पाणी गेलं कुठे, आणि केव्हा?

त्यानंतर तिने ड्यूटी बदलून घेतल्या, पण शुक्रवार चुकवला नाही. चालणं नुसतं चालणं राहिलं नव्हतं. पाऊस पडून गेला की वाटेवर दरडीचे दगड येत, ते ही मंडळी बाजूला सारत. ढासळलेली कड पुन्हा रचत. खालच्या गावातली उम्म नायिफ, म्हणजे नायिफची आई, ही म्हातारी ते आले की त्यांना कॉफी पाजायची. चेहऱ्यावर काळा बुरखा, तळव्यांना मेंदी, आवाज खणखणीत. अख्तरीला ती "या बिंती," माझ्या मुली, अशी हाक मारायची. तिचा मुलगा नायिफ गावात पाण्याचा टँकर चालवायचा.

मग इराकने कुवेत घेतलं. रस्त्यांवर लष्करी गाड्यांच्या रांगा लागल्या. हिवाळ्यात एका शुक्रवारी मंडळी कड्यावर पोचली, तर वाटेचं तोंडच दिसेना. तिथे खडी फोडण्याचं नवं काम निघालं होतं आणि बुलडोझरने मुरूम आणि दगडांचा ढीग कड्याखाली लोटून दिला होता. वरची दोन वळणं त्याखाली गाडली गेली होती.

"इथून लोक जातात-येतात," सदानंद तिथल्या मुकादमाला म्हणाला.

"कोण जातं? शेळ्या?" मुकादम म्हणाला. "लढाईचे दिवस आहेत. दगड हवाय. खलास!"

पुढे जानेवारीत युद्धाला तोंड फुटलं आणि रियाधवर क्षेपणास्त्रं यायला लागली. भोंगा वाजला की खोलीच्या फटींना चिकटपट्टी लावून, तोंडावर मास्क चढवून बसायचं. शाळा बंद झाल्या. शुक्रवारच्या मंडळींतली कुटुंबं कोणी जेद्दाला गेली, कोणी मुंबईला. सदानंदनेही बायकोला, वीणाला, आणि मुलीला पुण्याला धाडलं. हॉस्पिटलातल्या माणसांना मात्र सुट्टी नव्हती. अली जनरेटरपाशी, अख्तरी वॉर्डात. भोंगा झाला म्हणून बाळंतपणं थोडीच थांबतात? मास्क लावलेल्या बायकांचे हात हातात धरून ती तेच जुने शब्द म्हणत राहिली. कळ सोस. झालंच आता.

फेब्रुवारीत एका सकाळी ती पाळी संपवून घरी आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "मला खालच्या गावात जायचंय."

"अगो, अशा दिवसांत?" अली म्हणाला.

"म्हणूनच. ती वाट अशीच गाडली गेली तर लढाई संपल्यावर कोण उकरणार आहे?"

अलीने सदानंदला फोन केला. तिघं मोटारीच्या रस्त्याने लांबचा वळसा घालून गावात उतरली. अख्तरीने उम्म नायिफला सगळं सांगितलं. गुडघ्यांमुळे म्हातारी अलीकडे घराबाहेर पडतच नव्हती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला, काठी घेतली आणि उठली. "नायिफ, गाडी काढ. अमीराकडे जायचंय." मग अख्तरीकडे वळली. "आणि तू माझ्याबरोबर ये. माझा हात धर."

अमीर म्हणजे त्या भागाचा कारभार बघणारा अधिकारी. त्याच्या कचेरीत त्या दिवशी माणसांची ही गर्दी. कोणाला पेट्रोल हवं होतं, कोणाला मास्क. खडीच्या ठेकेदाराचा माणूसही बसला होता. बायका तिथे सहसा येत नसत. उम्म नायिफ उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिथूनच तिने अमीराला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारली. "अबू तुर्की! आमची वाट गाडलीय!"

अमीर उठून उभा राहिला. "खाला, आभाळातून क्षेपणास्त्रं पडताहेत आणि तुम्ही वाटेसाठी आलात?"

"ती पडायची थांबतील," म्हातारी म्हणाली. "मग तुम्ही नवीन वाट कुठून आणाल?"

ठेकेदाराचा माणूस मध्येच म्हणाला, "तिथे कोणी चालत नाही. ती वाट मेलेली आहे."

"तू चाललायस तिच्यावर?" तिने विचारलं. "नाही ना? मग चल. मी चालून दाखवते."

अख्तरीच्या मुठीत म्हातारीचा हात होता. त्या हाताला जराही कंप नव्हता. अख्तरीलाच घाम फुटला होता. एवढ्या पुरुषांसमोर, परक्या देशात, इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर दिवस काढणारी आपण! पण हात सोडण्याचं तिच्या मनातही आलं नाही.

अमीराने आपला एक कारकून बरोबर दिला. ठेकेदाराचा माणूस काही आला नाही. खालून चढायला सुरुवात केली तेव्हा दुपार कलायला लागली होती. पुढे उम्म नायिफ, तिच्या कोपराला धरून अख्तरी, मागे नायिफ, अली, सदानंद आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकणारा कारकून. अख्तरीचं लक्ष म्हातारीच्या श्वासाकडे. छातीत शिट्टी वाजत होती. "बसा जरा, अम्मा," ती म्हणायची आणि म्हातारी म्हणायची, "यल्ला, चला!"

अर्ध्याच्या वर एक ऐसपैस वळण होतं. तिथे कातळ आत गेला होता आणि वर दगडाचं छप्पर आल्यासारखं झालं होतं. म्हातारी तिथे थांबली. काठीचं टोक तिने जमिनीवर टेकवलं.

"मला रियाधच्या हॉस्पिटलात नेत होते. उंटावरून. दोन दिवस कळा देत होते मी. इथवर आले आणि उंट थांबवा म्हटलं." ती मुलाकडे वळली. "तू इथे जन्मलास."

चाळिशीला आलेला दांडगा नायिफ त्या कातळाकडे नुसता बघत राहिला. हे त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मग तो गुडघे टेकून बसला आणि त्याने जमिनीला हात लावला. कारकुनाने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि मान खाली घातली.

अख्तरीने किती बाळंतपणं केली होती! पांढरे दिवे, गरम पाणी, हाताशी डॉक्टर. आणि इथे हे एवढंसं दगडी छप्पर, समोर सगळी पृथ्वी उघडी पडलेली, आणि एक पोरसवदा मुलगी आपल्या कळा घेऊन उंटावरून उतरलेली. "कोण होतं तुमच्याजवळ?" अख्तरीने हळूच विचारलं.

"माझी सासू. आणि अल्ला," म्हातारी म्हणाली. "चला आता."

पुढे ढीग लागला. म्हातारीने काठी बाजूला ठेवली, वाकली, एक दगड उचलला आणि कडेला ठेवला. मग दुसरा. अख्तरीही वाकली. मग सगळेच. तासाभराने मुरुमाखालून जुन्या बांधणीची कड वर आली. एकही दगड हललेला नव्हता. कारकून तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, "मी इथलाच. आणि मला माहीत नव्हतं."

त्याने परत जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण आठवडाभरात ठेकेदाराला ढीग उपसायचा हुकूम गेला आणि खडीचं काम बरंच पलीकडे हललं. यंत्राला वरून जेवढं ओढता आलं तेवढं ओढलं गेलं. मधलं सगळं हातानेच काढायचं होतं. युद्ध संपलं, गेलेली कुटुंबं परतली, आणि उत्तरेकडून कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर आभाळ मळवत असताना दर शुक्रवारी माणसं कड्यावर घमेली घेऊन उभी राहायला लागली. वीणा आली, गावातले तरुण आले, हॉस्पिटलातल्या दोन केरळी नर्सही आल्या. उन्हाळा कडक व्हायच्या आत वाट वरपासून खालपर्यंत मोकळी झाली.

उम्म नायिफ त्यानंतर पुन्हा चढली नाही. दोन वर्षांनी ती गेली. शेवटच्या आजारात तिने गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून अख्तरीच हवी असा हट्ट धरला होता, आणि अख्तरी रजा काढून गेली होती.

नोकरी संपवून श्रीवर्धनला परतायच्या आधीच्या शुक्रवारी अख्तरी आणि अली शेवटच्या वेळी कडा उतरले. मधल्या चढावर खालून एक सौदी कुटुंब वर येत होतं. बापाच्या खांद्यावर लहानगी, मागे आई, हातात पाण्याची बाटली. ओळख ना पाळख. वाट अरुंद होती तिथे बाप कातळाला टेकून थांबला आणि त्याने अख्तरीला पुढे जायला जागा दिली. तिने सलाम केला. खांद्यावरच्या पोरीने वर बोट करून विचारलं, "अजून किती?"

"थोडंच," अख्तरी तिला अरबीत म्हणाली. "झालंच आता." आणि खाली उतरायला लागली.