लांडगे काय करतील

मंगरूळपीरला माझ्या मित्राचं टेलरिंगचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही त्याच्या कापड बेतायच्या टेबलावर खेळायचो. तो, माझी बायको आणि मी. मी गोष्ट सांगायची, ते दोघं तिच्यातले वीर व्हायचे, आणि वाटेत भेटणारे राक्षस, लुटारू, जनावरं मी चालवायची. घाव बसला की नाही ते फासा ठरवायचा. नकाशा तो खडूनं टेबलावरच काढायचा.

माझे शत्रू मठ्ठ होते. एका रांगेत यायचे आणि मरायचे. "तुया राक्षसायले मरायचीच घाई असते," मित्र म्हणायचा. मी हसण्यावारी न्यायचो.

मागच्या हिवाळ्यात मित्र आणि मी इंझोरीला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे निघालो होतो. गाडी रस्त्यावर लावून धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चालत होतो. दोन्ही बाजूंना डोक्याइतकी उंच तूर. समोर एक कुत्रा आडवा येऊन गुरगुरायला लागला. आम्ही त्याच्याकडेच बघत राहिलो. मग डावीकडची तूर हलली. वारा नव्हता. उजवीकडचीही हलली. आवाज करत होता तो एकटाच. त्याच्या टोळीतले आणखी दोन कुत्रे तुरीतून गपचूप आमच्या मागे जात होते.

मागे सरकताना मित्राचा पाय मुरगळला आणि तो पडला. त्याच क्षणी तिघांनीही माझा नाद सोडला. ते त्याच्यावर तुटून पडले. आणि मी पळालो. सात-आठ पावलं असतील. त्याची किंकाळी ऐकून वळलो, धुऱ्यावरचा दगड उचलून भिरकावला. एकाच्या बरगडीत बसला. तो केकाटला, तसे तिघंही तुरीत नाहीसे झाले. मित्राच्या पोटरीतून रक्त वाहत होतं.

रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली. तो रोग झाला की पाणी गिळवत नाही, असं ऐकलं होतं. त्या दिवसांत तो पाणी प्यायला लागला की माझी नजर त्याच्या घशावर जायची. त्याला ते कळायचं. तो सावकाश, मला दाखवून घोट गिळायचा. पळाल्याबद्दल दोघंही बोललो नाही.

शेवटचं इंजेक्शन झालं त्या दिवशी तोच म्हणाला, "रविवारी खेळू. लांडगे आन."

"लांडगे नको."

"आन म्हनतो ना. खरे आन."

मी आणले. एक समोर ठेवला, गुरगुरणारा. दोन झाडीतून मागे पाठवले आणि त्यांच्याबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त गवत हलतंय एवढंच. बायकोनं फासा टाकायला उचललेला हात तसाच राहिला. चौथ्या फेरीत मित्राचा वीर जखमी होऊन पडला. आता पाळी लांडग्यांची होती. त्यांनी काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं, आणि मी फासा मुठीतच धरून ठेवला.

"तुमी मुद्दाम करून राह्यले काय?" बायको मला म्हणाली. मग मित्राकडे वळली, "भाऊ, थांबू या आता."

मित्राचा चेहरा पांढरा पडला होता. कपाळावर घाम होता. "नाही वयनी, होऊ द्या." मग माझ्याकडे बघून, "सांग. लांडगे काय करतील?"

"पडलेल्यावर जातील," मी म्हणालो. "तिघंही."

बायकोच्या वीराला पळायला वाट मोकळी होती. ती बराच वेळ नकाशाकडे बघत होती. मग वीराला पडलेल्याकडे वळवून तिनं फासा टाकला. एका लांडग्याला वर्मी घाव बसला. राहिलेले दोघं मी लढवत ठेवू शकलो असतो, पूर्वी तसंच केलं असतं. पण पोटासाठी आलेलं जनावर आपला जीव धोक्यात घालत नाही. मी दोघांनाही झाडीत पळवलं.

मित्रानं श्वास सोडला. मग म्हणाला, "तू पळाला होता, मले दिसलं होतं."

"हो," मी म्हणालो.

"मीबी पळालो असतो बे." त्यानं हातानं टेबलावरचा खडूचा नकाशा पुसला. "पुढच्या बारीले मानसं आन. शिकलेले, आपल्यासारखे. ते काय करतात पाहू."

आम्ही अजून खेळतो. दर लढाईआधी मी शत्रूला काय हवंय आणि तो कधी पळेल, हे कागदावर लिहून ठेवतो. आपल्यासारखी माणसं मात्र अजून आणलेली नाहीत. त्यांच्यातला एक पडला की बाकीचे काय करतील, हे लिहायला बसलो की हात थांबतो.