पाणी चढवणं बंद केलं

पुण्याची मावशी ज्याला सलाईन लावणं म्हणते, त्याला आम्ही जबलपूरचे मराठी लोक पाणी चढवणं म्हणतो. टाकीत चढवता का, असं विचारून ती हसायची. मला तिचा राग यायचा.

माझी नोकरीही पाणी चढवण्याचीच. मी वीज नियंत्रण कक्षात आहे. दुपारी सौर वीज गरजेपेक्षा जास्त झाली, की ती वाया जाऊ नये म्हणून डोंगराखालच्या तलावातलं पाणी पंपांनी वरच्या तलावात चढवतात. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. चढवायचं कधी आणि थांबायचं कधी, हे मी फोनवरून सांगते. तिकडचा इंजिनिअर नागपूरचा, मला ताई म्हणतो. आमचं सगळं मराठीतच चालतं.

आईला चेरीतालच्या दवाखान्यात ठेवून अठरा दिवस झाले होते. त्या सकाळी डॉक्टर म्हणाले, शिरा आता साथ देत नाहीत, अंगावर सूज आली आहे. सुई काढली की सगळ्यांना बोलावून घ्या. मी थांबते म्हटलं.

"इथं बसून काय करशील?" बाबा म्हणाले. "जा ड्यूटीवर. पाणी चढवणं बंद केलं की मी लगेच फोन करतो."

वीस मिनिटांचा तर रस्ता. मी गेले. खरं सांगायचं तर त्या खोलीतून बाहेर पडल्यावर मला बरं वाटलं.

दोनच्या सुमाराला ढग आले आणि सौर वीज भराभर उतरली. मी इंजिनिअरला पंप थांबवायला सांगितलं, झालं की कळवा म्हटलं. खोलीत चार जण एकदम बोलत होते. मोबाइल वाजला तसा स्क्रीनवरची नजर न काढताच मी तो कानाला लावला.

"पाणी चढवणं बंद केलं."

"ठीक आहे. सहा वाजतील. तयार राहा," असं म्हणून मी फोन ठेवला.

बाबा फोनवर हॅलो म्हणत नाहीत. ट्रंककॉलच्या काळातली सवय; कामाचं बोलायचं आणि ठेवायचं. स्क्रीनवर पंप खरंच थांबलेले दिसत होते. मला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

सव्वापाचला इंजिनिअरचा फोन आला. "ताई, दुपारी तुमचा फोन लागूनच नव्हता राहिला. मी पंप बंद केले होते बरं. पाणी सहाला सोडू काय?"

मी हो म्हटलं. मग दुपारचा कॉल उघडून पाहिला. बाबा.

खुर्ची सहकाऱ्याच्या हवाली करून मी स्कूटर काढली. वाटेत मला काहीच वाटलं नाही. दमोह नाक्यावर सिग्नल लाल होता, तर मी चक्क थांबले. मागचा भैया हॉर्न देईपर्यंत उभी होते.

आई पाचला गेली होती. बाबा तिची चादर सारखी करत होते.

"तू सहा म्हणाली, तसं मी तिला सांगितलं," ते म्हणाले. "तिला ऐकू येऊन राहिलं होतं. दोनदा दरवाज्याकडे पाहिलं तिनं. तुला पुन्हा फोन नाही केला. ड्यूटी सोडून कशी येशील?"

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

तेरा दिवस जो कोणी भेटायला आला, त्याला बाबा हेच सांगत होते, "साऱ्या शहराची लाईट पोरीच्या हातात आहे, तरी सहाच्या आधी आली." त्यांना वाटतं, मी ऐकलं, मला समजलं आणि तरीही मी सहा म्हटलं. असं वाटत असूनही ते माझ्यावर एकदाही चिडले नाहीत.

खरं काय ते सांगायला मी दोन-तीनदा तोंड उघडलं. पण मग त्यांना हेही कळेल, की आई ज्या निरोपावर दरवाज्याकडे पाहत राहिली, तो तिच्यासाठी नव्हताच.