खंडेनवमीला बदललेलं तेल

वाईट तेलाचा मला राग येत नाही. ते बिचारं वाईट असतं आणि डब्याचं बूच उघडताक्षणी नाकाला तसं कळतंही. मला संताप येतो तो उत्तम तेलाचा. सोन्यासारखं दिसणारं, डब्यावर विमानाचं चित्र असलेलं, वाटेल तितक्या शिफारशी असलेलं तेल तुम्हाला डोळ्यांदेखत गाढव बनवतं आणि वर स्वतः निर्दोष राहतं.

ही दोन हजारच्या दशकातली, मधल्या वर्षांतली गोष्ट. एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं जेट इंजिनं खोलून-जोडून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती आणि लालबागची खोली सोडून मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहायला आलो होतो. घरात बसून बायकोच्या डोक्याला ताप देण्यापेक्षा बरं, म्हणून तिथल्याच हाटकेश भागात एका औद्योगिक गाळ्यात चालणाऱ्या, मुलांना विमान-देखभाल शिकवणाऱ्या संस्थेत नोकरी धरली. हुद्दा होता ‘प्रात्यक्षिक विभागप्रमुख’. विभागात प्रमुख धरून माणसं दोन.

दुसरे होते जवळच्या उत्तन ह्या कोळ्यांच्या गावचे अंकल. पासष्टीचे, काळेसावळे, गळ्यात क्रॉस, खिशात सतत चिंधी. आमच्या अंगणात लोखंडी घोडीवर एक जुनं रेडियल इंजिन बसवलेलं होतं. मधल्या शाफ्टभोवती सात सिलिंडरं सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखी, पुढे पंखा. शेतावर औषध फवारणाऱ्या विमानाचं ते इंजिन. विमान भंगारात गेलं, इंजिन संस्थेने घेतलं, आणि त्या विमानावर काम केलेले अंकल इंजिनाबरोबर आले. एरवी ते गावातल्या बोटींची इंजिनं बघायचे. हे इंजिन दर शनिवारी मुलांसमोर चालवायचं, हे त्यांचं काम.

त्यांची पद्धत बघून मला हसू यायचं. चालू करण्याआधी ते पंखा हाताने हळूहळू फिरवायचे आणि पाती मोजायचे. खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचलेलं असतं, एकदम चालू केलं तर आतला दांडा वाकतो, असं म्हणायचे. इंजिनात घालायचे ते साधं, जाडं खनिज तेल. त्यात काही मिसळलेलं नाही, काही गुण नाहीत, आणि तासाभरात डांबरासारखं काळं होणार.

“अंकल, जग कुठे गेलंय,” मी एकदा म्हणालो. “आता आतली काजळी धुऊन काढणारी तेलं आलीत. इंजिन आतून चकाचक.”

“चकाचक कोनाला बगायचं हाय आत, मास्तर?” ते म्हणाले. “चालते ना?”

हे ‘चालते ना’ मला झोंबलं. जेटवाल्याला झोंबणारच. आमच्याकडे ‘चालते ना’ म्हणणाऱ्याला मेमो मिळायचा.

नवरात्रात अंकल पुतणीच्या लग्नासाठी दोन आठवडे रजेवर गेले. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा. पाने, पक्कड, व्हाइस सगळं घासूनपुसून, झेंडू लावून, हळदकुंकू वाहून मांडायचं. वर्कशॉपमध्ये आम्ही वर्षानुवर्षं ते करत आलो होतो. माझ्या डोक्यात आलं की इंजिनाला बाहेरून झेंडूचा हार आणि आत ते डांबर? सणाला आपण नवे कपडे घालतो, मग याला नवं तेल का नको?

अंधेरीच्या पुरवठादाराला फोन लावला. तेलाचं नाव, ग्रेड, सगळं टेचात सांगितलं.

“देतो सर. पण इंजिन आतापर्यंत कशावर चालत होतं?”

“त्याचं तुम्हाला काय?”

“नाही, साध्या तेलावर बरीच वर्षं चाललं असेल ना, तर...”

“तुम्हाला तेल विकायचंय की माझी मुलाखत घ्यायचीय?”

“तसं नाही सर. एकदा मेकॅनिकला विचारून घ्या, एवढंच.”

“मीच आहे मेकॅनिक!” असं ओरडून मी फोन आपटला. साऱ्या मुंबईत त्या दिवशी एकाच माणसाने मला योग्य प्रश्न विचारला आणि मी त्याला उद्धट ठरवलं. घरी जाऊन बायकोला सांगितलंसुद्धा, की हल्ली दुकानदार फार शहाणे झालेत.

पूजा थाटात झाली. मी दोन बरण्या मांडल्या होत्या. एकीत जुनं काळं तेल, दुसरीत नवं सोनेरी. मुलांना वीस मिनिटं भाषण दिलं. डायरेक्टरसाहेबांनी बरण्यांजवळ उभं राहून फोटो काढून घेतला आणि म्हणाले, “ह्याला म्हणतात प्रोफेशनल अप्रोच.” इंजिन चालू केलं तर आवाज झकास. दसऱ्यानंतर पुन्हा चालवलं, तेही झकास. तेल मात्र बघता बघता काळंकुट्ट झालेलं. “बघा, कसं साफ करतंय!” मी मुलांना म्हणालो.

साफ करत होतं हे खरं. किती, ते पुढच्या शनिवारी कळलं.

इंजिन चालू होतं, मी कठड्याशी उभा राहून शिकवत होतो, आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली यायला लागला. मी काय करावं? काचेवर टिचकी मारली. काटा आणखी खाली. मी आणखी जोरात टिचकी मारली आणि मुलांना म्हणालो, “गेज खराब आहे.” तेवढ्यात फाटकातून अंकल आत आले. लग्नाच्या मिठाईचा खोका त्यांच्या हातात होता. त्यांनी आवाज ऐकला, काटा बघितला, खोका जमिनीवर टाकला आणि मला खांद्याने ढकलून स्विच बंद केला.

त्यांनी तळाची गाळणी उघडली तेव्हा खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीसारखा काळा, चिकट गाळ लोंबकळत बाहेर आला. साध्या तेलाने वर्षानुवर्षं कोपऱ्याकोपऱ्यात बसवून ठेवलेला मळ माझ्या सोनेरी तेलाने एका झटक्यात सोडवला होता आणि गाळणीत कोंबला होता. तेल वर चढायला वाटच उरली नव्हती. आणखी दोन मिनिटं मी टिचक्या मारल्या असत्या तर बेअरिंगं गेली असती.

अंकलनी एवढंच विचारलं. “मास्तर, जुनं तेल काडलं तवा गालनी उघडून बगितली व्हती?”

“नाही.”

“मंग नवं तेल घालून चालवलं, त्या दर वक्ताला तरी उघडली?”

तेव्हाही उघडली नव्हती. त्या रात्री मी इंजिनाचं पुस्तक काढलं. तेलाचा प्रकार बदलताना काय करायचं त्यावर अख्खं पान होतं. थोडा वेळ चालवा, तेल काढा, गाळणी बघा, पुन्हा भरा, पुन्हा बघा. पान स्वच्छ होतं. त्याला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही.

सोमवारी डायरेक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. महिनाभराने संस्थेची तपासणी होती आणि इंजिन खोललेलं पडलं होतं. ट्रस्टींना कारण द्यायला हवं. “सर, सीधी बात आहे,” ते म्हणाले. “म्हाताऱ्याने इतकी वर्षं चुकीचं तेल घातलं. त्याचाच मळ ना तो? तुम्ही तर चांगलं तेल घातलं. आता त्यांना घरी बसवू, तपासणीत पण सांगता येईल की ॲक्शन घेतली.”

आणि मी चहा प्यायलो. सोबत खारी होती, तीही खाल्ली. ‘मळ त्यांचाच’ हे वाक्य मला त्या क्षणी चक्क पटलं! दोन दिवस मी ते मनात घोळवत होतो, आणि बाहेर अंकल उकिडवे बसून रॉकेलने माझी घाण धूत होते.

बुधवारी टाईप केलेला कागद समोर आला. ‘वृद्ध कर्मचाऱ्याने दीर्घकाळ अयोग्य तेलाचा वापर केल्यामुळे’ अशी सुरुवात, खाली माझ्या सहीची जागा. अयोग्य! ज्या तेलावर ते इंजिन माझ्या आधी इतकी वर्षं एकही कुरबूर न करता चाललं, ते अयोग्य. मला भयंकर राग आला. मी तो मजकूर आडव्या रेघेने खोडला आणि खाली लिहिलं की तेल मी बदललं, कोणाला न विचारता, पुस्तक न वाचता, गाळणी न उघडता. आणि इंजिन वाचवलं ते ह्याच कर्मचाऱ्याने. सही केली, हुद्द्यासकट.

डायरेक्टरसाहेबांनी वाचलं. चिडतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “हे मला माहीत होतं, सर. पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तुम्हाला सोयीचं होईल.”

सोयीचं! त्यांना माझी किंमत इतकी बरोबर कळली होती, याचाच संताप मला आजही आवरत नाही.

अंकलची नोकरी राहिली. इंजिन जोडणारं दुसरं कोणी नव्हतंच. मी अंगणात जाऊन त्यांना सगळं सांगितलं, जरा छाती काढूनच. शाबासकी मिळेल अशी अपेक्षा होती, लपवत नाही.

ते गाळणी धूत होते. वर बघितलंच नाही.

“तेलाचं सोड,” ते म्हणाले. आजवर अहोजाहो करणारे अंकल मला अरेतुरे करत होते. “तेल कोनाचंबी चुकते. सोमवारपासून तुला ठाव व्हतं ना, माज्या नावाचा कागद बनतोय?”

“हो.”

“मंग मंगलवारी काय करत व्हता?”

त्यांनी दुसरा ब्रश माझ्या दिशेने सरकवला. मी पँट वर ओढून खाली बसलो, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तो मळ खरवडत राहिलो.