आवाज बदलला की दोन हात खाली

माणसाला किती उंचावर बसवायचं, हे माझे सासरे, आमचे मामा, त्याच्या आवाजावरून ठरवायचे. ऐकणाऱ्याला थट्टा वाटेल, पण कुंभार पिंपळगावच्या आसपासच्या आठ-दहा खेड्यांत हरभऱ्यात हरणांचे कळप शिरायला लागले, की पहिला निरोप मामांना जायचा: माळा बांधायचाय, या. माळा म्हणजे राखणीला आणि शिकारीला झाडावर ठोकलेली फळ्यांची बैठक. फळ्या ठोकणारे गावोगाव पुष्कळ होते. किती हातांवर ठोकायच्या हे सांगणारे मात्र एकटे मामा.

त्यांची रीत अशी. जो माणूस वर बसणार त्यालाच शिडीवर चढवायचं आणि आपण खाली उभं राहून त्याच्याशी गप्पा मारायच्या. म्हैस किती दूध देती, पोरीचं कुठं जमलं का, मेव्हण्याचं भांडण मिटलं का. तो बिचारा बोलत बोलत एकेक पायरी चढायचा. मध्येच मामा हात वर करायचे. "थांब. बदलला आवाज. हितून दोन हात खाली." त्या माणसाला स्वतःला कळलेलंही नसायचं की आपण घाबरलो. मामा खोडावर विळ्यानं खूण करायचे आणि संपलं. हात म्हणजे त्यांचा स्वतःचा, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. कुणी टेप काढली की म्हणायचे, "ती साडीच्या दुकानात ने."

मी विचारलं होतं एकदा, भीतीचा आणि उंचीचा एवढा काय संबंध? नवीन लग्न झालेलं, जालन्याच्या कॉलेजातून शिकून आलेली, मला सगळ्याचं कारण लागायचं. तेव्हा चिडले नाहीत. "भ्यालेल्या माणसाच्या घामाला वास येतो, जालनेवाली. आपल्याला कळत न्हाई, हरणाला बराबर कळतो. अन् हात कापून राह्यला तर नेम कुठला?" मला ते कायम जालनेवालीच म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मामा, माझे यजमान विलास आणि मी, एवढीच माणसं. माझी पहिली भाकरी जळकी झाली तेव्हा ती निमूट खाऊन "खरपूस झाली" म्हणणारे मामाच होते, हे नाकारून कसं चालेल?

दुसरी एक खोड होती, ती पाहून मी लग्नानंतर आठ दिवसांत पोट धरून हसले होते. माळा बांधून झाला की शेतमालकाला वर बसवायचं आणि मामांनी धोतराचा काचा मारून, साठीच्या वयात, हरभऱ्यातून चक्क चार पायांवर रांगत जायचं. हरणाच्या डोळ्यांच्या उंचीवरून वरचा माणूस दिसतो का ते बघायला. मध्येच थांबायचे, मान वळवायचे, नाक वर करायचे. मग ओरडायचे, "डावा गुडघा दिसून राह्यला, आत घे!" अंगावर मातीचे, पाल्याचे डाग घेऊन परत यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "हसून घे. तुझ्या जालन्यात हे शिकवत न्हाईत."

हरणाला हात लावायचा नाही हा कायदा मामांना चांगला ठाऊक होता. त्यांची ठासणीची बंदूक परवान्याची होती, पण ती पिकाच्या राखणीसाठी. "कायदा येतो का हरभरा पेरायला?" एवढं म्हणून ते विषय संपवायचे. दया वगैरे त्यांच्या बोलण्यात नसायची. हरीण कापताना ते जेवणाखाण्याच्या गप्पा मारायचे. मी तोंड फिरवलं की म्हणायचे, "ताटात आल्यावर फिरवती का तोंड?" मी फिरवायचे, पण त्यांना ते खरं वाटत नसे.

पलीकडच्या गावचा एक मोठा बागायतदार होता. त्याला बारा हातांवर माळा हवा होता. मामांनी त्याची भीती तपासली आणि आठ सांगितले. गडी ऐकेना. म्हणे, वरून लांबचं दिसतं, पाहुणे येतात, जरा शोभा पाहिजे. मामा म्हणाले, "तुला हरीण मारायचंय का आभाळातलं इमान बघायचंय? लई वरून मारलं की गोळी पाठीत बसती. जीव जात न्हाई जल्दी." तरी त्यानं बारावरच बांधून घेतला. चार दिवसांनी सकाळी त्याची गोळी एका काळविटाच्या पाठीत बसली. मागचे पाय लुळे पडले, आणि ते जनावर पुढच्या दोन पायांवर अंग ओढत ओढत हरभऱ्यातून, तुरीतून जात राहिलं. बागायतदारानं मामांना बोलावलं, म्हणाला, तुम्ही संपवा. मामांनी त्याच्या हातात विळा दिला. "उंची तू ठरवली. आता तूच जा." दुपारपर्यंत तो माणूस त्याच्या मागं मागं फिरत होता, दोनदा ओकला, आणि मामा बांधावर बसून तंबाखू मळत बघत होते. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हे सगळं आम्हाला हसत हसत सांगितलं. यजमान जेवणावरून उठून गेले.

यजमानांचं पिंपळगावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. बारीक कामाचे हात. आवाज हळू, राग तर कधी बघितलाच नाही. आणि उंचीची भीती लहानपणापासून. पत्र्यावर वाळवण घालायचं झालं तरी मीच चढायचे, हे खालून डबे द्यायचे. मामा ते बघायचे आणि बोलायचे काही नाहीत. पण त्या वर्षी मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, नेम धरता येईना. आमच्याच हरभऱ्यात कळप यायला लागला आणि गावात बोलणं सुरू झालं: सगळ्यांचे माळे बांधणाऱ्याच्या शेतात हरणं निवांत चरतात, पोरगा काय फक्त मोबाइल चाटतो का?

मामांनी बांधावरचा कडुलिंब निवडला. चार भाऊबंद जमले होते. यजमान शिडीवर चढायला लागले आणि मामांनी नेहमीसारखी बोलायला सुरुवात केली. दुकान कसं चाललंय, तो नवा फोन केवढ्याला. पाचव्या हातावर यजमानांचा आवाज बदलला. मला कळला, जमलेल्या चौघांना कळला, एकानं तर हसू दाबलं. रीतीप्रमाणं माळा तीन हातांवर यायला हवा होता, म्हणजे माझ्या छातीएवढा. कोंबड्यासुद्धा त्यापेक्षा उंच बसतात. मी मामांच्या हाताकडं बघत होते. तो वर गेला नाही.

"चढ," मामा म्हणाले.

नऊ हातांवर माळा ठोकला त्यांनी. असल्या आवाजाच्या परक्याला जी उंची त्यांनी कधी दिली नसती, ती पोटच्या पोराला दिली, का तर चार लोक हसले म्हणून. मी रात्री म्हटलं, मामा, तुमचीच रीत मोडली तुम्ही. तर म्हणाले, "बसून बसून भीती जाती. मी न्हाई का शिकलो? तू मधी पडू नको." पहिले तीन दिवस यजमान पहाटे गेले, फळीला घट्ट धरून बसले आणि बंदूक न उडवता उतरले. गाव अजून हसलं. चौथ्या दिवशी सकाळी ते चढल्यावर मामांनी शिडी उचलली आणि पन्नास पावलांवर बाभळीला टेकवून ठेवली.

मी न्याहारी घेऊन निघाले होते. दहिवरानं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. लांबूनच यजमानांचा आवाज ऐकू आला; बापाला ते दादा म्हणत. "दादा, शिडी आणा." थोड्या वेळानं पुन्हा, "दादा, शिडी आणा हो." आणि मामांचं उत्तर, कुठून येतंय ते कळेना, "आधी हरीण, मंग शिडी." मी बांधावर चढले तेव्हा दिसलं. मामा हरभऱ्यात चार पायांवर होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, पोरगा नीट लपलाय का ते हरणाच्या उंचीवरून बघत होते! यजमानांनी एक पाय खाली सोडला, फांदी धरली, दुसरा पाय सोडला. फांदी मोडली नाही काही. हातच सुटला. ते बांधाच्या दगडांवर पाठीवर पडले. मामा पळाले ते आधी दोन-तीन पावलं तसेच हातापायांवर पळाले, मग सरळ झाले. मला हसू आलं नाही, हे काय सांगायला पाहिजे का?

जालन्याचा दवाखाना, तिथून संभाजीनगरचा. कमरेखाली जीव उरला नव्हता. मामा बाहेरच्या बाकावर बसून असत, चिखलाचं धोतर दोन दिवस बदललं नाही. डॉक्टर बाहेर आले की एकच विचारायचे, "किती हातावरनं पडलं तर माणूस चालतो?" डॉक्टर म्हणाले, बाबा, असं उंचीवर नसतं, कुणी खाटेवरून पडूनही जातं. मामांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, त्यांना आकडा हवा होता.

मला जालन्यात एका कार्यालयात कारकुनी मिळाली आणि आम्ही तळमजल्याच्या दोन खोल्यांत आलो. मामाही आले. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. आल्या आल्या त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या पोराचा हात लांब करायला लावला आणि आपल्या हातानं मापं घेतली. ओटा तोडून खाली घेतला. मोरीचा नळ, विजेची बटणं, आरसा, देवाची फळी, सगळं वीत-वीत, हात-हात खाली आलं. एका बोटाचीही चूक नव्हती. मला मात्र त्या घरात सगळीकडं वाकावं लागायचं, भाजी चिरतानासुद्धा. मी वाकायचे आणि मनात मामांना शिव्या घालायचे.

खेड्यातून निरोप अजून यायचे. मामा एसटीनं जायचे. पण आता कुणाचाही आवाज कुठंही बदलो, माळा चार हातांच्या वर नाहीच. लोक कुरकुरायचे. "मामा, एवढ्या खाली? डुक्कर येऊन मांडीवर बसंल." मामा म्हणायचे, "बसू दे." मग निरोप कमी झाले आणि बंद झाले. बंदूक त्यांनी स्वतःच ठाण्यात जमा केली. माझ्याशी बोलायचे, मी कामापुरतं उत्तर द्यायचे. माझ्या लाडक्या माणसाला मी असं सहा वर्षं वागवलं. होय, लाडकेच. माझ्या सख्ख्या बापानं मला कधी वाऱ्याचा अंदाज घ्यायला शिकवलं नाही, मामांनी शिकवलं होतं, राख चिमटीतून सोडून.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. त्या चौथ्या दिवशी पहाटे यजमान चुलीपाशी बसले होते. म्हणाले, "मी न्हाई जात. आज सांगतो दादाला, मला न्हाई जमत म्हणून." आदल्या दिवशी गिरणीत बायांनी मला विचारलं होतं, तुझ्या नवऱ्याला खाली उतरवायला तू जाती का? सगळ्या खिदळल्या होत्या. ते डोक्यात होतं. मी म्हणाले, "सांगा की. अन् मला पण माहेरी नेऊन घाला. असल्या भित्र्या माणसासंगं मला न्हाई राहायचं." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि बंदूक घेऊन गेले. मामा तेव्हा अंगणात नव्हते. मामांना हे कधीच कळलं नाही. बापानं त्यांचं ऐकून सोडलं असतं की नसतं, देव जाणे. पण तो दिवस तरी टळला असता.

गेल्या उन्हाळ्यात मामांची छाती भरली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दुपारची वेळ, पंखा फिरत होता, यजमान शेजारी खुर्चीत. मामांनी मला जवळ बोलावलं. सहा वर्षांत प्रथमच त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. "जालनेवाली, माझ्यामुळं झालं ते. मला त्याचा आवाज ऐकू आल्ता, पाचव्या हातावर. बिलकुल बराबर ऐकू आल्ता. मी तरी चढ म्हणलो." दम लागला, थांबले. "तू बोलत न्हाईस. बोल एकदा. एकट्याचंच हे वझं हाय का माझ्या, एवढं सांग."

एक वाक्य होतं. नाही मामा, एकट्याचं नाही, माझंही आहे. जिभेवर आलं होतं. यजमान माझ्याकडं बघत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सहा वर्षांत त्यांनी त्या सकाळचा शब्द कधी काढला नव्हता, मलाच वाचवलं होतं. मी मामांच्या हातातून मनगट सोडवलं.

"होय, तुमच्या एकट्याचंच," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. रडले नाहीत. भिंतीकडं तोंड केलं आणि तिसऱ्या दिवशी गेले.

दहावा, तेरावा झाला, पाहुणे गेले. मी मामांना ते उत्तर दिलं त्या दुपारपासून यजमान माझ्याकडं काही मागत नाहीत. आधी पाणी दे, औषध दे, उशी सरक, दिवसभर हाक असायची आणि मी वैतागायचे. आता तहान लागली की स्वतः चाकं ढकलत माठापर्यंत जातात. मी उठायला लागले की हाताची खूण करून मला बसवतात, आणि मी बसते.