बाईंची खोली, अक्राणीच्या डोंगरात

"गुडघानं ऑपरेशन व्हयनं का मंग डोंगर कसी चढसू? पहिले धडगाव चाल," आई हट्टालाच पेटली.

नोकरीच्या सुरुवातीला आई अक्राणीत, म्हणजे धडगाव तालुक्यात, नर्स होती. एका पाड्यावर, रुमलीबाईंच्या पावरा कुटुंबाच्या गवती घरात काही वर्षं राहिली. ते घर एकदा डोळ्यांनी बघायचं, बस्स. एवढीच तिची चारधाम यात्रा.

शहाद्याहून जीप मिळते. माणशी शंभराच्या आसपास, पण भरल्याशिवाय हलत नाही. घाई असेल त्यांनी एसटी बघावी. घाट वळणावळणाचा, उलटीची गोळी जवळ ठेवा. डिसेंबरात स्वेटर विसरू नका, मी विसरले. धडगावात भजी-चहा उरकून दुसरी जीप धरली आणि पुढे पायवाट.

मोहाच्या झाडापाशी आई थांबली. समोर नुसती मोकळी जागा, त्यात शेळ्या चरत होत्या.

"आठेच व्हतं," म्हणत ती मटकन खाली बसली. "गयं वं मन्हं घर."

तेवढ्यात गवताचा भारा घेऊन जाणारी एक बाई थबकली. "रुमलीचं घर? ते वर नेलं. इथला झरा आटला."

इकडे घर पाडून टाकत नाहीत, सुटं करून नेतात. खांब, वासे, सगळं खांद्यावर. अख्खा पाडा राबतो. मजुरी नाही, फक्त जेवण. याला लाह म्हणतात.

वर ते उभं होतं. सागाचे दुबेळक्याचे, वर दोन फाटे असलेले खांब, त्यावर वासे, बांबूचे शेणमातीनं लिंपलेले कूड. खिळा एकही नाही, सगळं सालीच्या दोरांनी बांधलेलं. छपराचं गवत दोन-चार वर्षांनी बदलतात, खांब मात्र रुमलीबाईंच्या सासऱ्यांनी आणलेले. अशी घरं आतून अखंड असतात. चूल, धान्याच्या कणग्या, एका अंगाला गुरं, मध्ये आडोसा नाही. इथे मात्र दाराजवळ एक कूड आडवा होता.

रुमलीबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "बाई! तू तर म्हातारी झाली!"

"तू कोनती जवान शे?" आई म्हणाली, आणि दोघी हसता हसता रडायला लागल्या.

मग रुमलीबाईंनी त्या कुडावर हात ठेवला. "हा तुझ्यासाठी बांधला होता. तू लाजायची ना. इथे घर लावताना माणसं म्हणाली, आता हा कशाला? मी म्हटलं, बाईची खोली आहे ती. बांधा."

आई कुडामागे जाऊन बसली. बराच वेळ बाहेर आली नाही, आणि मीही तिला हाक मारली नाही.

जेवायला मक्याची भाकरी आणि उडदाची घट्ट डाळ होती. जाणार असाल तर पैसे पुढे करू नका, राग येतो. गूळ-चहापत्ती न्या.

शहाद्याला परतल्यावर आई नेहमीसारखी हॉलमधल्या कॉटवर आडवी झाली. तिच्याच पगारातून बांधलेलं हे घर. त्यात दादाची खोली आहे, मुलांची आहे, पाहुण्यांची आहे. मी दादाला डोंगरातलं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पाहुण्यांची खोली रिकामी केली आणि आईची कॉट उचलली.

"अरे, पन पाव्हना कोठे झोपतीन?" ती मागून ओरडत होती.

"हॉलमा," दादा म्हणाला.